पाठ नसलेला कोट

मित्रांनो, मी कोट आहे. जुना आहे, काळा आहे आणि अर्धा होतो. पुढून बघितलं तर साहेब, मागून बघितलं तर फाटका पडदा. म्हणून मला मागून कुणी बघू नये, याची सगळे फार काळजी घ्यायचे. आता नाही घेत. का नाही घेत, तेच सांगायचंय. मधे बोलू नका, मला पटकन राग येतो.

तेलंगणातल्या हनमकोंड्यात यादगिरी नावाचा शिंपी आहे. त्याने मला एका नवरदेवासाठी शिवलं. कापड भारी, अस्तर गुळगुळीत, मी खूश. लग्नाच्या आदल्या दिवशी यादगिरी मला इस्त्री करत होता. तेवढ्यात कुणीतरी चहाला हाक मारली आणि हा बाबा गरम इस्त्री माझ्या छातीवरच्या डाव्या पट्टीवर ठेवून गेला. परत आला तेव्हा तिथे काजूएवढा तपकिरी डाग. नवरदेव म्हणाला, "हा घालून मी मांडवात बसणार नाही." झालं. लग्न बघायच्या आधीच माझं लग्न मोडलं.

यादगिरीने मला त्याच्या दोस्ताला देऊन टाकलं. तो दोस्त म्हणजे कोमुरय्या. बसस्टँडसमोर त्याचा मल्लन्ना फोटो स्टुडिओ आहे. मला वाटलं, आता हा मला घालून फिरणार. त्याने काय केलं माहितीये? कात्री घेतली आणि कॉलरच्या खालपासून पार शेवटापर्यंत माझी पाठ उभी फाडली.

"हे काय करताय?" त्याची बायको लचव्वा म्हणाली.

"सगळ्यांना बसला पाहिजे," तो म्हणाला. "जाड माणूस आला की मागून उघडा ठेवायचा. बारीक आला की मागे चिमटे लावायचे. फोटोत पाठ कुठे दिसते?"

चिमटे म्हणजे कपडे वाळत घालायचे. हिरवे, पिवळे, निळे. असा मी नोकरीच्या अर्जावरच्या फोटोचा कोट झालो. गावात ज्याला नोकरी पाहिजे तो माझ्यात हात घालायचा, स्टुलावर बसायचा, हनुवटी वर करायचा. फोटो निघाला की मी परत खिळ्यावर.

पण मित्रांनो, काय काय माणसं बघितली मी. एकजण वरून कोट, खालून लुंगी असा बसला आणि सारखं विचारत होता, "अण्णा, लुंगी येत नाही ना?" फोटो छातीपर्यंतच असतो, हे त्याला कोमुरय्याने सांगून सांगून घसा कोरडा केला. पोलीस भरतीवाला एक आला. छाती फुगवून त्याने श्वास असा धरला, असा धरला की फोटोत टोमॅटो आला. एकाने शकुनाचं लिंबू माझ्या खिशात ठेवलं आणि विसरला. ते पुढच्याच्या हाताला लागलं. तो म्हणाला, माझ्यावर कुणीतरी करणी केलीये, आणि फोटो न काढताच पळाला. लिंबाचा वास मला आठवडाभर.

एक कोवळा पोरगा म्हणाला, "अण्णा, कंप्युटरवर केस थोडे पांढरे करा. त्यांनी अनुभव मागितलाय." त्याच्याच मागे एक काका बसलेले, ते म्हणाले, "माझे काळे करा, त्यांना तरुण पाहिजे."

लचव्वा आतून म्हणाली, "अहो, दोघांचे एकमेकांना द्या आणि मोकळे व्हा."

मला सगळं आवडायचं. फक्त एक गोष्ट सलायची. हे सगळे फोटो घेऊन जिथे जायचे, ती मुलाखत काय असते ते मी कधी बघितलंच नव्हतं. खिळ्यापासून स्टूल आणि स्टुलापासून खिळा, एवढंच माझं जग. रस्त्यावरून गाड्या जायच्या आणि मी खिळ्यावर तडफडायचो.

मग एक दिवस अखिला आली. धावत, चप्पल हातात, कारण पट्टा तुटलेला. तिचा फोटो आधीच काढलेला होता, मला ती आठवत होती. फोटोत हस म्हटलं तर हसली नव्हती.

"अण्णा, कोट द्या."

"बस. फोटो काढतो," कोमुरय्या म्हणाला.

"फोटो नको. कोट पाहिजे. दुपारी मुलाखत आहे."

"कोट बाहेर जात नाही, बिड्डा. पोरी, याला पाठ नाहीये."

"माहितीये. मी कुणाकडे पाठ करणारच नाही."

"कुठे आहे मुलाखत?"

"सरोजनम्मांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये. मिरचीच्या. दारावर आवक-जावक बघायला माणूस पाहिजे. मागच्या ठिकाणी मी ड्रेसवर गेले आणि कोटवाली पोरगी घेतली. त्याच्या मागच्या ठिकाणी पण कोटवाली. आता कोटाशिवाय मी नाही जाणार."

कोमुरय्याने मान हलवली. तेव्हा लचव्वा बाहेर आली. तिने विचारलं, "तुझी आई अजून बिड्या वळते?"

"वळते. डॉक्टरांनी तंबाखूला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. खोकून खोकून रात्री बसून असते. मी म्हटलं, सोड. ती म्हणते, तुला नोकरी लागली की त्या दिवशी मांडीवरचं बिड्यांचं सूप खाली ठेवते."

लचव्वा खिळ्याकडे गेली. तिने मला खिळ्यावरून काढलं, अखिलाच्या अंगात घातलं, मागून ओढून चिमटे लावले आणि नवऱ्याला म्हणाली, "आता फोटोला कुणी आलं तर त्याला तुमचा शर्ट द्या." वर तिने अखिलाला स्वतःच्या चपला दिल्या.

मित्रांनो, मी बाहेर पडलो. रस्त्यावर. उन्हात. रिक्षात बसलो. वारा माझ्या फटीतून आत शिरायचा आणि मी फुग्यासारखा फुगायचो. अखिला पाठ सीटला घट्ट दाबून बसली होती. शेजारची बाई म्हणाली, "पोरी, थोडी सरक." अखिला म्हणाली, "अक्का, आज नाही सरकता येत." मला ओरडावंसं वाटत होतं. मिरची बजीच्या गाड्या, बांगड्यांची दुकानं, सगळं एकदम. नवरदेवाच्या अंगावर मिरवलो असतो तरी एवढा आनंद झाला नसता.

कोल्ड स्टोरेजच्या बाकावर उमेदवार बसले होते. त्यातल्या बहुतेकांची छाती मला पाठ होती, सगळ्यांनी मला घातलेलं. एकजण पिशवीत गावठी कोंबडी घेऊन बसला होता, मालकिणीला भेट म्हणून. कोंबडीची मान बाहेर, आणि ती प्रत्येकाकडे असं बघत होती जसं तीच मुलाखत घेणार आहे. अखिला खेकड्यासारखी, भिंतीला पाठ घासत, बाकापर्यंत गेली.

"पाठीला काही झालंय का?" कोंबडीवाल्याने विचारलं.

"गळू आलंय," ती म्हणाली.

"बिब्बा लाव."

"तू कोंबडी सांभाळ."

आतलं सगळं ऐकू येत होतं. एक बाप मुलाला घेऊन आत गेला. सरोजनम्मांनी मुलाला काहीही विचारलं की बापच उत्तर द्यायचा. "पोरगा लाजाळू आहे हो, मी सांगतो." शेवटी सरोजनम्मा म्हणाल्या, "मग तुम्हालाच ठेवते." बाप थोडा थांबला आणि म्हणाला, "जेवणाची सुट्टी किती असते?"

मग एक केसांना तेल चोपडलेला गेला. मधेच त्याचा फोन वाजला. "माफ करा हं, बंगळूरची कंपनी आहे, सारखी मागे लागलीये," असं म्हणत त्याने ऐटीत स्पीकर चालू केला. पलीकडून आवाज आला, "अरे, आत गेलास का? आता करू का फोन?"

बाकावरचे सगळे हसले. अखिला हसली नाही. ती माझ्या बाहीचं टोक पिळत बसली होती.

तिचं नाव पुकारलं. ती भिंतीला घासत आत गेली आणि खुर्चीत बसली. समोर सरोजनम्मा. केस पांढरे, मोठं कुंकू, आवाज पोत्यासारखा जाड. बाजूला त्यांचा जावई वेणू, पुढ्यात ताकाचा पेला. खोलीत मिरचीचा असा खकाणा की अखिलाला आत पाय टाकल्यापासून शिंक येत होती आणि ती दाबून धरत होती. का दाबत होती ते फक्त मला माहीत. माझ्या पाठीवर चिमटे होते.

सरोजनम्मांनी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या डागाकडे. मग त्यांनी खण उघडला आणि अर्जांवरचे फोटो टेबलावर पत्त्यांसारखे मांडले.

"वेणू, हे बघ. हा काजू. इथे पण काजू. या जाड्याच्या छातीवर पण. गेली कित्येक वर्षं मी विचार करतेय, या गावात सगळ्यांचा कोट एकाच जागी कसा जळतो."

वेणू फोटोंवर वाकला. "अत्तम्मा, हा तर एकच कोट आहे."

"आणि आज स्वतः चालत आलाय." त्या अखिलाला म्हणाल्या, "उभी राहा. वळ."

अखिला उभी राहिली. "नाही वळणार, अम्मा."

"का?"

अखिला तोंड उघडायला गेली आणि ती शिंक सुटली. मित्रांनो, तशी शिंक मी आयुष्यात ऐकली नाही. माझे सगळे चिमटे एकदम उडाले. एक पंख्याला लागला, एक खिडकीतून गेला, आणि हिरवा सरळ वेणूच्या ताकात पडला. मी दोन्ही बाजूंनी उघडा पडलो, वरच्या बारक्या पंख्याच्या वाऱ्यावर फडफडायला लागलो.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं.

सरोजनम्मा म्हणाल्या, "वरून पहिल्या नंबरची मिरची, खाली कचरा. अशी पोती मी दारातूनच परत पाठवते."

अखिलाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही रडणार आणि पळणार. आईच्या मांडीवरचं ते सूप तिथेच राहणार. पण ती माझ्यासारखीच निघाली, तिला राग आला. तिने मला अंगातून काढलं, खुर्चीच्या पाठीवर नीट टांगलं आणि परत बसली.

"कोट अर्धा आहे, अम्मा. मी नाही. आता विचारा."

वेणूने ताक बाजूला सरकवलं. सरोजनम्मांनी त्याला डोळ्याने खुणावलं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि एकदम मोठ्या आवाजात ओरडत आला. "ए पोरी, माझी पोती न्यायला आलोय. चिठ्ठी हरवली. ट्रक दारात उभाय. दार उघड."

अखिला एक क्षण गांगरली. मग तिला कळलं, हीच मुलाखत.

"बसा अण्णा. आधी ताक घ्या."

"ताक नको, पोती पाहिजेत."

"तुमचीच आहेत ना?"

"मग काय तुझ्या बापाची?"

"बाप असता तरी चिठ्ठीशिवाय दिली नसती. पोत्यावर खूण काय आहे तुमच्या?"

वेणू अडखळला. "खूण... लाल."

"इथे सगळंच लाल आहे, अण्णा. ट्रक सावलीत लावा, ड्रायव्हरला चहा पाजा, आणि खूण आठवली की या. मी इथेच आहे. तुमची पोती दुसऱ्या कुणाला पण नाही देणार."

सरोजनम्मा आधी पोटातून हसल्या, मग आवाज बाहेर आला. "वेणू, चिमटा काढ आणि ताक पी." मग अखिलाला म्हणाल्या, "सोमवारी ये. कोट आणू नकोस. इथे घाम येतो."

अखिलाने हात जोडले, मागे वळली आणि धावत सुटली. पाठ दाखवून, बिनधास्त. आणि मी? मी खुर्चीवरच राहिलो. विसरली मला. मित्रांनो, खोटं नाही सांगत, मला आनंद पण झाला होता आणि चीड पण आली होती. पुढचा उमेदवार आत आला, माझ्यावर टेकून बसला आणि त्याच्या कोंबडीने माझं अस्तर टोचायला घेतलं.

सरोजनम्मांनी मला उचललं. कोंबडीपासून लांब धरलं आणि माझ्या फाटक्या कडेवरून बोट फिरवलं. दोरे लोंबत होते.

"एवढ्यांनी याला घालून नोकऱ्या मिळवल्या," त्या वेणूला म्हणाल्या, "आणि याची पाठ कुणी शिवली नाही."

तेवढ्यात दारात अखिला उभी. धापा टाकत. "अम्मा, कोट." तिने ते ऐकलं होतं. परत जाताना रिक्षात तिने मला घडी करून मांडीवर ठेवलं. मांडीवर मला कुणी कधी ठेवलं नव्हतं.

सोमवारपासून ती कामाला लागली. आणि पहिला पगार झाला तेव्हा ती आईला घेऊन स्टुडिओत आली. आईचं नाव येल्लव्वा. तिच्या बोटांना अजून तंबाखूचा रंग होता, पण सूप आता घरी तांदूळ पाखडायला वापरतात म्हणाली. तिच्या पिशवीत एक जुनी लाल साडी होती. अखिला मला घेऊन यादगिरीकडे गेली. तोच यादगिरी. त्याने माझा डाग बघितला आणि खाली बघायला लागला.

"चहाला जायचं असेल तर आत्ता जाऊन या," अखिला त्याला म्हणाली. "मग शिवा."

कोमुरय्या कटकट करत होता. "पाठ शिवली तर हा एकाच मापाचा होईल. माझा धंदा बसेल." तर लचव्वाने तोड काढली. यादगिरीने मागे त्या साडीची रुंद पट्टी लावली, तिला चुण्या पाडल्या आणि दोन्ही बाजूंना बायकांच्या चोळीला असते तशी नाडी. जाड माणूस आला की नाडी सैल, बारीक आला की घट्ट. चिमटे परत दोरीवर गेले.

मित्रांनो, उद्या तुम्ही पण कुणाचा तरी कोट, कुणाचे बूट, कुणाचा पट्टा मागून मुलाखतीला जाल. जा, खुशाल जा. पण परत देताना एकदा उलटं करून बघा, कुठे उसवलंय का. उसवलं असेल तर टाका घाला. आणि कृपा करून खिशात लिंबू ठेवू नका.

मल्लन्ना स्टुडिओच्या काचेत फोटो लावलेत. सगळे समोरून, हनुवटी वर, डाव्या पट्टीवर काजू. मधोमध एकच फोटो पाठमोरा आहे, वेणीवाल्या मुलीचा. काळा कोट, मधे लाल साडी, खाली नाडीची गाठ. कोमुरय्या म्हणाला होता, असा फोटो कुठल्याच अर्जाला चालत नाही.

"अर्जासाठी नाहीच," अखिला माझी बाही धरून म्हणाली. "याच्यासाठी आहे."