प्रबुद्धदादाचा आठवा खेळाडू

भीमराजच्या उजव्या मांडीवर गजकर्ण उठलं आणि नाहूरच्या कबड्डी संघाचं नशीबच उघडलं. बशीएवढा गोल, कडेला लालभडक पुटकुळ्या. समोरचा पकडायला झेपावायचा, चड्डीखाली ते दिसलं की हात आपोआप आखडायचा. भीमराज आरामात गुण घेऊन परत.

कॅप्टन प्रबुद्धदादा जाम खूश. कबड्डीत सात असतात, हा आपला आठवा खेळाडू, म्हणायचा.

खाजवून खाजवून चादरीला रक्त लागलं तेव्हा भीमराज, दादाने सीझनच्या सुरुवातीला दिलेला निळा टॉवेल गळ्यात टाकून, गुपचूप मुलुंडच्या स्किनवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी गोळ्या दिल्या, साधं मलम दिलं. बजावलं, टॉवेल कुणाला देऊ नकोस, कुणाचा घेऊ नकोस. खाज थांबली तरी गोळ्या पुऱ्या कर. मेडिकलवाल्याची झटपट ट्यूब तर लावूच नकोस, त्यातल्या स्टेरॉइडने कातडी कागदासारखी होते.

दादाला कळलंच. त्याने गोळ्या काढून आपल्या बॅगेत टाकल्या आणि नेमकी तीच ट्यूब हातात ठेवली. फायनलला कंपनीचा माणूस येणार होता, खेळाडू म्हणून नोकरी द्यायला. बरा झालास तर सगळे धरतील, मग कसली नोकरी?

भीमराजने ट्यूब चोपडली. खाज गायब. गोल मात्र गुडघ्यापर्यंत उतरला.

फायनल मानखुर्दला. पहिल्या हाफमध्ये भीमराज बागेत फिरावं तसा फिरला. कंपनीचा माणूस माना डोलवत होता. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या किरणने सरळ तीच मांडी दोन्ही हातांनी आवळली.

"घाबरू नको रे," तो कानाशी म्हणाला. "मागच्या सीझनला दादाचा आठवा खेळाडू मीच होतो. तो निळा टॉवेल माझाच."

भीमराजने हिसका दिला. उकडलेल्या बटाट्याची साल निघावी तशी कातडी निघाली. रक्त बघून पंचांनी बाहेर काढलं. कंपनीचा माणूस तोंडाला रुमाल लावून उठला, आणि जाताजाता किरणचा नंबर घेऊन गेला.

बाकावर भीमराजने गोळ्या मागितल्या. दादाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. तो राखीव खेळाडूंत बसलेल्या सम्यककडे बघत होता. पोरगं घामाने निथळत होतं.

"देतो ना," दादा लाडाने म्हणाला. "आधी तुझा टॉवेल दे."

भीमराजने गळ्यातला निळा टॉवेल काढला, नीट घडी केली आणि दिला.