वेलीचं पाचवं पान

आमचे यजमान पितळेवर नक्षी कोरायचे. तोफा थांबून वर्ष झालं, तरी त्यांच्या हातांची थरथर थांबली नव्हती. हातोडीच्या आवाजानेही दचकत, म्हणून कामाची खोली बंदच होती.

सूनबाईने ती उघडली. मैदानात पडलेलं तोफगोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं तिने आणलं, भट्टीत तापवून नरम केलं आणि त्यावर वेल कोरायला घेतली. प्रत्येक घावाआधी विचारायची, "मामंजी, मारू?" यांनी मान हलवली तरच हातोडी पडे. तोफांनी कधी असं विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांत चार पानं झाली. त्या सकाळी मी जप करत होते, तेवढ्यात नगरपालिकेचे साहेब दारात आले.

"ही नळकांडी म्हणजे लढाईची निशाणी. आहेत तशीच चौकात मांडायचीत. कोरून खराब करू नका."

यांनी दोन्ही हात पुढे केले. "निशाणीच हवी ना? हे घेऊन जा. थरथरतात कसे, बघतील लोक."

साहेब वरमले, तरी नळकांडं उचलायला वाकलेच.

"हात लावायचा नाही!" वर्षभरात यांचा आवाज एवढा चढला नव्हता. "सूनबाई, सरक. तुझी पानं आहेत की चपलांचे तळवे?"

छिन्नी टेकवून यांनी स्वतः हातोडी मारली. माझा मणी बोटातच थांबला. पान वाकडं उमटलं.

"उमटलं की नाही?" म्हणाले, आणि पुढच्या पानाला लागले.