झुनूच्या लग्नाचं पद्य

बंगालातल्या कृष्णनगरात कुणाच्या घरी लग्न ठरलं की माणसं आधी तीन दारं गाठत: पुरोहिताचं, मिठाईवाल्याचं आणि नलिनाक्ष बागचींचं. बागची मास्टर शाळेत भूगोल शिकवायचे, पण गावाला त्यांच्या भूगोलाशी काही देणंघेणं नव्हतं. गावाला हवं असे ते लग्नाचं पद्य. पातळ गुलाबी कागद, वर फुलपाखराचा छाप आणि खाली नाव आजीचं, नाहीतर धाकट्या भावंडांचं. लिहायचं मास्टरांनी, मिरवायचं दुसऱ्यांनी. भर मांडवात ते वाचलं जाई आणि बायका डोळ्यांना पदर लावत. गेल्या तेवीस वर्षांत मास्टरांनी निम्म्या गावाच्या मुली अशा रडवून सासरी धाडल्या होत्या.

आणि आता स्वतःच्या झुनूचं लग्न चार दिवसांवर आलं, तर मास्टरांचं घोडं अडलं.

पंधरा दिवस ते रोज सकाळी टेबलाशी बसत होते. ‘लक्ष्मी निघाली सासरी’ लिहीत आणि खोडत. ‘सुनं झालं अंगण’ लिहीत, तेही खोडत. या ओळी त्यांनी सान्यालांच्या मुलीला दिल्या होत्या, सरकारांच्या मुलीला दिल्या होत्या, इतकंच काय, त्या भांडकुदळ मुखर्जींच्या मुलीलाही दिल्या होत्या. झुनूला त्या कशा चालतील? मुलीशी मोकळं बोलायची त्यांना सवयच नव्हती. ‘अभ्यास झाला का’ आणि ‘दार लावून घे’ यापुढे बापलेकीचं बोलणं कधी सरकलं नाही. जे काय सांगायचं ते तिच्या लग्नाच्या पद्यात सांगू, असं मात्र ते वर्षानुवर्षं मनाशी म्हणत आले होते. पद्य झालं नाही, तर पोरगी बापाच्या एका शब्दावाचून घराबाहेर पडणार होती. हे त्यांना आतून खात होतं.

त्या सकाळी छापखान्याचे गोपेश्वर पाल स्वतः आले.

“मास्टरमशाय, उद्या दुपारपर्यंत मजकूर द्या बुवा. खिळे जुळवायला वेळ लागतो.”

“देतो, देतो.”

“नाही जमलं तर तसं सांगा. विश्वासांच्या मुलीचं मागच्या वर्षीचं पद्य अजून जुळवलेलंच आहे. नाव तेवढं बदलू. कुणाला कळणार आहे?”

“मला कळेल!” मास्टर असे कडाडले की पालबाबूंनी चहाचा अर्धा कप तसाच ठेवून काढता पाय घेतला.

स्वयंपाकघरात निभाननी लग्नासाठी नारळाचे लाडू वळत होती. तिने सगळं ऐकलं होतं. नवरा दारात येऊन उभा राहिला तरी तिने मान वर केली नाही.

“सुचत नाही,” मास्टर म्हणाले.

“कसं सुचेल? लोकांकडे गेलात की स्वयंपाकघराच्या दाराशी स्टूल टाकून तासभर बसता. मुलगी कशाला रडली, काय मोडलं, काय लपवलं, सगळं खोदून खोदून विचारता. इथे कुणाला विचारलंत?”

“माझ्या मुलीबद्दल मी दुसऱ्याला विचारू?”

“मग सांगा बघू, लहानपणी सगळ्यात जास्त कशाला रडली?”

मास्टरांनी जरा विचार केला. “गोवर आला होता तेव्हा. रात्रभर मी कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या.”

“तो तुमचा भाचा.”

खोबऱ्याने चिकट झालेले हात धुवायला निभाननी उठली, परत आली, तरी मास्टर तसेच उभे होते. मग त्यांनी खुंटीवरची छत्री घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि तरातरा बाहेर पडले. रागावले, असंच तिला वाटलं.

पाच मिनिटांनी पुढच्या दाराची कडी वाजली.

“घरात कुणी आहे का?” मास्टर बाहेर छत्री काखेत धरून, परक्यासारखे अवघडून उभे. “इथे लग्न आहे असं कळलं. मी पद्यं लिहितो.”

निभाननीला हसू फुटत होतं. ते तिने पदराआड केलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढला. “या मास्टरमशाय. किती वाट पाहायची! बसा.”

तिने स्टूल मांडलं, बशीत दोन लाडू आणि पाणी ठेवलं, अगदी पाहुण्याला ठेवावं तसं. मास्टरांनी खिशातून वही काढली.

“मुलीचे वडील काय करतात?”

“असतात घरात. दुसऱ्यांच्या मुलींवर लिहितात.”

मास्टरांनी तेही वहीत टिपलं. “आणि मुलगी कशाला रडली?”

आता निभाननीच्या आवाजातली थट्टा सरली होती.

“नऊ वर्षांची होती. सान्यालांच्या बुलूचं लग्न. तुमचं पद्य वाचलं, सगळे रडले आणि बुलू गाडीत बसून गेली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तुमचं पेन हरवलं, आठवतं?”

“न आठवायला काय झालं! आठ दिवस शोधलं. सगळ्या घरावर ओरडलो. शेवटी तुला मुरमुऱ्यांच्या डब्यात सापडलं. पडलं असेल म्हणालीस.”

“पडलं नव्हतं. झुनूने खुपसलं होतं. मी पकडलं तेव्हा हुंदके देत होती नुसती. म्हणाली, बाबा ज्या ताईवर लिहितात ती ताई निघून जाते. त्यांना पेन देऊ नकोस, मा, ते एक दिवस माझ्यावर लिहितील.”

मास्टरांच्या हातातला लाडू हातातच राहिला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तिने शपथ घातली होती. आणि तुम्ही तरी कुठे विचारलंत?”

त्यांनी वही मिटली. चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. मग ते टेबलाशी जाऊन बसले आणि निभाननीचा उरलेला नारळ संपायच्या आत उठले.

छापखान्यात पालबाबूंनी कागद हातात घेतला. “नाव कुणाचं घालू? आजीचं?”

“बाबांचं,” मास्टर म्हणाले. तेवीस वर्षांत असं नाव त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

लग्नात झुनूच्या मावसबहिणीने गुलाबी कागद उघडला, तेव्हा बायकांनी सवयीने पदर तयार ठेवले होते.

‘आजवर ज्यांना लिहिलं, त्यांना ‘जा’ असंच लिहिलं;
तुझ्यासाठी, झुनू, फक्त ‘ये’ म्हणायचं राहिलं.
आठव्या दिवशी दार उघडं, मुरमुऱ्यांचा डबा भरला;
पेन लपव खुशाल पुन्हा, बापाचा तो राग सरला.’

लग्नानंतर आठव्या दिवशी मुलगी जावयाला घेऊन माहेरी येते, हे काय मांडवात कुणाला ठाऊक नव्हतं? पण पद्यात ते कधी कुणी घातलं नव्हतं. मुरमुऱ्यांचं तर कुणालाच काही कळेना. वधू मात्र कपाळावरच्या चंदनाच्या ठिपक्यांसकट मोठ्याने हसली. आत्याबाईंनी डोळे वटारले. हसता हसता झुनूने बापाकडे पाहिलं, आणि मग तिला रडू आवरेना. मास्टरांनी मान वळवली नाही. सगळ्यांदेखत तेही रडले आणि त्यांना त्याची लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी झुनू गेली. दुपारी रिकाम्या घरात मास्टर शाळेच्या वह्या तपासायला बसले, तर खिशात पेन नाही. टेबलावर नाही, खणात नाही. ते उठले आणि थेट मुरमुऱ्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तिथेही नव्हतं.

“तिथे कशाला शोधता?” निभाननी मागून म्हणाली. “घेऊन गेली ती. म्हणाली, आठव्या दिवशी मीच आणून देईन. तोवर बाबांनी कुणाच्याही मुलीला घालवायचं नाही.”

तेवढ्यात दार वाजलं. दत्तांकडचे दोघे आले होते. त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात लग्न होतं.

“मास्टरमशाय, पद्य हवं होतं. जरा घाई आहे.”

“आठ दिवस थांबा,” मास्टर म्हणाले. त्यांच्या हाताला अजून मुरमुरे चिकटलेले होते. “पेन सासरी गेलंय.”