पतंगांच्या राखणीचं धनुष्य

मी धनुष्य बोलतोय. बाणांचं नव्हे, मातीच्या गोळ्या मारायचं. बांबूचं अंग, दोन दोऱ्या आणि मध्ये सुपारीएवढी गोळी मावेल अशी विणलेली झोळी. आसामात, लखीमपूरकडच्या आमच्या गावात जे जे घर मुगा रेशमाच्या अळ्या पाळतं, तिथे माझं एखादं भावंड खुंटीला असतंच. या अळ्या घरात वाढत नाहीत. सोमच्या झाडावर, उघड्यावर वाढतात. बोटाएवढी हिरवीगार अळी म्हणजे कावळ्याला पंगतीतला लाडू. तिथे माझं काम.

मला तासलं पद्मकांत चेतियाने. मारलेला कावळा तो पायाला दोरी बांधून झाडावर उलटा टांगायचा, अर्धमेला असला तरी. "बघू देत भाऊबंदांना," म्हणायचा. पहिल्याच हंगामात मी इतकी हाडं मोडली की पंख मोडला की मान, हे मला आवाजावरून कळू लागलं.

तो गेल्यावर मी त्याच्या लेकीच्या हाती आलो. नुमली तिचं नाव. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायची, "नवरा सांभाळू की अळ्या? अळ्या निदान उलट बोलत नाहीत." नेम बापापेक्षा पक्का.

पण बियाण्याच्या, म्हणजे पुढच्या हंगामाची अंडी धरायच्या, खोलीत शिरली की ही बाई वेगळीच. राखून ठेवलेल्या कोषांतून पतंग निघायचे, तळहाताएवढे, मधाच्या रंगाचे, पंखांवर डोळे असलेले. नुमली जोड्या जुळवायची. मग एकेका मादीला पंखाच्या मुळाशी दोरा गुंडाळून गवताच्या काड्यांच्या जुडीला बांधायची. त्या जुडीला आम्ही खरिका म्हणतो. मादी तिथेच अंडी घालते आणि मरते. "हलू नकोस गं बाई, पंख फाटेल," ती पुटपुटायची. त्या खोलीत धूर नाही, तेल नाही, अंघोळ केल्याशिवाय पाऊल नाही. मी दाराच्या आत टांगलेला असायचो. उंदीर, पाल, चिचुंद्री, सगळ्यांसाठी.

मग ते वर्ष आलं. गावाच्या कडेला नवा चहामळा झाला. मळेवाल्याने औषध फवारलं, वारा आमच्याकडे होता. झाडांवरच्या अळ्या काळ्या पडून टपटप गळाल्या. गावात कुणाकडे बियाणं उरलं नाही. नुमलीची झाडं पार नदीकाठी, म्हणून तिचं वाचलं.

तिने सगळ्यांना थोडं थोडं देऊ केलं. फक्त डिंबेश्वरला नाही. मळ्याला जमीन विकणारा तोच. बापजाद्यांची सोमची झाडं तोडून विकली होती. आता उरलेल्या तुकड्यावर त्याला पुन्हा अळ्या चढवायच्या होत्या.

तो दोन मेहुण्यांना घेऊन भरदुपारी बियाण्याच्या खोलीच्या दारात आला.

"नुमली, बियाणं कुणाच्या बापाचं नसतं. दे."

"मळेवाल्याकडे माग, डिंबेदा. चहाच्या पानावर वाढव अळ्या."

"शेवटचं सांगतो."

"मीही शेवटचंच सांगते. उंबरा ओलांडू नकोस. अंघोळ केलेली नाहीस."

मेहुणे हसले. डिंबेश्वर हसला नाही. त्याने कुडाच्या भिंतीला लाथ घातली. कूड पतंगांवर कोसळला. बांधलेल्या माद्यांना उडता येईना. दोऱ्यांना हिसके देत त्या फडफडत राहिल्या, आणि मेहुण्यांचे पाय त्यांच्यावरून गेले. ओलं पान चुरावं तसा आवाज. नुमलीने एकाला कोयत्याच्या मुठीने दातांवर हाणलं. दुसऱ्याने तिला केसांनी धरून खांबावर आपटलं. ती पडली ती माझ्या खालीच. उठली तेव्हा मी तिच्या हातात होतो.

डिंबेश्वर खरिकांचा भारा छातीशी धरून वळला. चार पावलांवर त्याचं तोंड. तिने ओढलं. गोळी सुटली.

हा आवाज मला ओळखीचा नव्हता.

डिंबेश्वरला दिब्रुगडच्या इस्पितळात नेलं, पण डोळा वाचला नाही. पोलिसात कुणीच गेलं नाही. नामघरात, म्हणजे गावाच्या प्रार्थनाघरात, गाव बसलं. म्हाताऱ्यांनी निकाल दिला: वाचलेल्या खरिकांतल्या अर्ध्या डिंबेश्वरला. आणि त्याचा नेम गेलाय, तेव्हा त्याच्या झाडांची राखण नुमलीने करायची. ती मान खाली घालून "बरं" म्हणाली.

सकाळी ती मला घेऊन त्याच्या रानात जायची. तो खाली बसून मातीच्या गोळ्या वळायचा, वाळवायचा, तिच्या पायाशी ठेवायचा. एकदा मात्र त्याने गोळी दिलीच नाही. मुठीत धरून बसला.

"काय डिंबेदा?"

"रोज बघतो तुला. अर्धीच दिसतेस."

नुमलीने मला त्याच्या हातात दिलं. झाडाला पाठ लावून उभी राहिली. "घे. फिटू दे एकदाचं."

त्याने ओढलं. ओढून तसंच धरून ठेवलं. तो सोडणार नाही, असं तिला वाटलं असेल. मला तसं वाटलं नाही. त्याने तिच्या तोंडावर धरलं होतं. नेम माझ्या अंगातून जातो, मला फसवता येत नाही. सोडलं. एका डोळ्याला अंतर कळलं नाही, गोळी खाली गेली आणि तिच्या गळ्याखालचं हाड कडकन मोडलं.

ती ओरडली नाही. तोच ओरडला. मला फेकून त्याने तिला पाठीवर घेतलं आणि वैद्याच्या घरापर्यंत शिव्या देत पळाला. तिला, स्वतःला, मळ्याला.

हाड वाकडं जुळलं. आता तिच्याने मला ओढवत नाही. त्याच्याने नेम धरवत नाही. अळ्या मात्र झाडावर आहेत आणि कावळ्यांना या कशाचीच पर्वा नाही.

म्हणून आता दोघंही येतात. तो ओढतो, ती त्याच्या खांद्यामागून सांगते. माझं अंग उभं चिरत चाललंय, या हंगामापलीकडे मी टिकेन असं वाटत नाही. माझी एकच मागणी आहे. मी मोडलो की मला दोघांपैकी कुणाच्याही खुंटीला लावू नका, चुलीत घाला. आणि नवं धनुष्य या दोघांनी मिळूनच तासावं.

आज सकाळीच मोठा डोमकावळा शेंड्यावर बसला होता.

"वर घे," नुमली म्हणाली. "अजून वर. आंधळ्या, तेवढंही वर नाही."

"आंधळा कुणी केला?"

"बोलू नकोस. श्वास धर. आता."

पंख मोडला.