शिरगावच्या माळावर थांबलेली मोटर

हिरडोशी मागे पडली. पुढच्या वळणावर नजीरने ब्रेक दाबला, तशी मोटर हीव भरल्यासारखी थरथरली. स्टेअरिंग त्याच्या हातात तडतडा उडालं.

"हळू रं बाबा!" मागच्या बाकावरून ठकुबाई ओरडल्या. "हाडं खिळखिळी झाली."

 भोर-महाड सर्व्हिस मोटरवर नजीर दोन वर्षं ड्रायव्हर होता. हे दुखणं पंधरा दिवसांपूर्वी लागलं. मालकांच्या फिटरने दोनदा ब्रेकचे ड्रम काढून घासले आणि दोन्ही वेळा सांगितलं, की मोटर चांगली आहे, ड्रायव्हरचा पाय जड आहे. मालकांना ते पटलं. नजीरलाही निम्मं पटलं होतं. हल्ली तो ब्रेकवर पाय ठेवताना श्वास रोखून धरायचा.

पण आज मोटर थरथरता थरथरता डावीकडे ओढत होती. आणि शिरगाव संपलं, की वरंध घाटाचा उतार.

शिरगावच्या माळावर त्याने मोटर उभी केली.

"का थांबलास?" पुढच्या बाकावरच्या कारकुनाने घड्याळ काढलं. "अकराला महाडच्या कोर्टात पोचायचंय मला."

"घाटात घालायच्या आधी बघतो, रावसाहेब."

"फिटरने बघितलंय ना? का मालकांकडे जाऊ मी?"

"जावा. पण आधी खाली उतरा."

माणसं कुरकुरत उतरली. त्यांतला एक म्हातारा सरळ पुढच्या चाकापाशी येऊन उकिडवा बसला. आंबवड्याचा गेनबा लोहार. जन्मभर बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवलेला माणूस. मोटरीला मात्र त्याने कधी हात लावला नव्हता.

"हादरा कुठं लागतो तुला? हातात का बुडाखाली?"

"हातात, मामा."

"मंग पुढचं चाक."

नजीरला ते पटलं. हातब्रेक फक्त मागच्या चाकांना होता. त्याने रिकामी मोटर माळावर पळवली आणि हातब्रेक ओढला. मोटर गुमान थांबली. पुन्हा पळवून पायाचा ब्रेक दाबला, तर सगळा सांगाडा खडखडला. दुखणं पुढेच होतं.

"ड्रमच वाकडा असंल," नजीर म्हणाला.

"वाकडं असलं तर दर फेऱ्याला एकदाच हबकंल, त्याच जागंला." गेनबाने कमरेची चंची सोडली, बोटावर चुना घेतला आणि टायरवर पांढरी रेघ ओढली. मग तो डाव्या मडगार्डवर पालथा झाला, दिव्याच्या दांडीला धरून. "चल. म्या बघतो."

"पडला तर चाकाखाली याल, मामा."

"तू चालव."

नजीरने तळहात सदऱ्याला पुसले. त्याने मोटर सोडली, वेग घेतला, ब्रेक दाबला. कडकडाटातून म्हाताऱ्याचा आवाज आला, "रेघंला मेळ न्हाई! एका फेऱ्यात धा दणकं. चाकाचा दोष न्हाई हा, वर कायतरी ढिलं हाय. आनखी जोरानं घे!"

पुढे माळ जरासा उताराला लागत होता. मोटर वेगात आली. नजीरने पाय दाबला.

"आस सरकला! थांब, थांब—"

ठण्णकन आवाज झाला. स्टेअरिंग हातातून हिसकलं, मोटर डावीकडे वळून कडेच्या धोंड्यांकडे निघाली. नजीरने दोन्ही हातांनी हातब्रेक खेचला. धोंडा दोन हातांवर असताना मोटर थांबली.

मडगार्डवर कुणी नव्हतं.

नजीर उतरला तो पडतच. मागे गवतात म्हातारा कोपर धरून बसला होता. कोपरातून रक्त येत होतं.

"जित्ता हाय म्या. उडी टाकली. ते बघ आधी."

नजीर मोटरीखाली शिरला. पुढच्या आसाला कमानपाट्याशी, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांशी, आवळून धरणारे दर बाजूला दोन वाकडे बोल्ट असतात. डावीकडचा एक ढिला होऊन लोंबत होता. दुसऱ्याचा तुकडा गवतात पडला होता. ब्रेक दाबला, की सुटलेला आस मागे ओढला जायचा आणि आपटायचा. दुखणं होतं ते एवढंच.

त्याने तुकडा उचलला. मोडलेल्या तोंडावर नखाएवढी जागा चकचकीत होती, बाकी सगळं काळं, चिखल मुरलेलं. चीर जुनी होती. पंधरा दिवसांत तो भरली मोटर घेऊन चौदा वेळा घाट उतरला होता. त्याला सगळ्या खेपा आठवल्या. बाजाराची, वऱ्हाडाची, टपावर माणसं बसली होती ती. तो तिथेच बसून राहिला.

कारकून जवळ आला. त्याने तुकडा बघितला, खाली दरीकडे बघितलं आणि आपली पिशवी उचलून घाटाने पायी चालू लागला. ठकुबाईंनी पदर फाडून म्हाताऱ्याचं कोपर बांधलं.

गेनबाने टपावरचं सामान बांधलेल्या कासऱ्याने आस आवळून दिला आणि बाकीच्यांबरोबर तोही पायीच घाट उतरला. नजीर एकटाच हातब्रेकवर, बैलगाडीच्या चालीने भोरला परतला. मालकांनी तुकडा उलटासुलटा केला. फिटरला त्यांनी बोलावलं नाही. दुपारच्या मोटरने ते स्वतः पुण्याला गेले, नवे बोल्ट आणायला.