विहिरीवरची चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, तर बांधकामावर तिरकी उभी करून वाळू चाळतात, ती. धुळ्याच्या एका लोहाराने सागाच्या चौकटीत तारेची जाळी ठोकून मला जन्म दिला. देवचंद ठेकेदारांनी मला विकत घेतले, माझे कौतुकही केले. परंतु घरे पाडण्याची कामे मिळू लागताच मला अडगळीत टाकले. पाडकामात चाळायचे काय, असे त्यांना वाटे.

१९८८ चा तो उन्हाळा मी कदापि विसरणार नाही. देवचंदांनी एक धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर पाडण्याचे काम उक्ते घेतले होते. आधी छताची माती उतरवावी, मग भिंती पाडाव्यात, ही रीत. पण त्यांनी घाईने भिंतीच ओढल्या. माती, विटा, लाकूड सारे एक झाले. त्यातच मलबा टाकण्याची गावाबाहेरची जागा बंद झाली. लांब ट्रॅक्टर पाठवावेत, तर साऱ्या कामाचा पैसा भाड्यातच बुडणार. तेव्हा त्यांची नजर गल्लीतल्या अरुंद, आटलेल्या विहिरीवर गेली.

मजूर सुपडूने पहिले घमेले उचलले मात्र, समोरच्या मंजुळाबाई धावत आल्या आणि पाय आत सोडून विहिरीच्या काठावर बसल्या.

"टाक! पहिले मन्हा डोकावर टाक!"

"अक्का, उठा," देवचंद म्हणाले. "कोरडी विहीर ती. कोणाच्या कामाची?"

"विहीर आटेल शे भाऊ, मरेल नही!"

तोच काठाचा एक दगड निखळला. तळाशी आवाज होईपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. घमेले सुपडूला ना ठेववे, ना ओतवे.

"मग हा डोंगर मी नेऊ कुठे?" देवचंद ओरडले.

"धाबानी माती आम्हले दे. गल्लीमा घरोघर बठ्ठासना धाबा गळतस, बठ्ठा उचली नेतीन. तुन्हा डोकामा भी तीच भरेल शे वाटस!"

सुपडूला हसू फुटले. देवचंदांनी ढिगातली माती मुठीत घेऊन चुरडून पाहिली. मग त्यांनी मला मागवले.

दिवसभर माझ्यावर फावडी आदळत राहिली. बारीक माती माझ्यातून खाली गळे. ती बायका टोपल्यांनी आपापल्या धाब्यांवर नेत. विटांचे तुकडे घरंगळून पुढे पडत. ते त्याच जागी बांधायच्या नव्या घराच्या जोत्यात भरले गेले. लाकूड सुताराने नेले. ट्रॅक्टरसाठी उरली ती एकच खेप. माझी जाळी मात्र फाटली, आणि देवचंदांनी मलाही त्याच खेपेवर फेकले.

मंजुळाबाईंनी मला ओढून काढले, तारेने शिवले आणि आत पुन्हा कोणी काही टाकू नये म्हणून विहिरीच्या तोंडावर आडवे घातले.

मित्रांनो, फेकण्यापूर्वी एकदा चाळून पाहावे, एवढेच माझे मागणे आहे. आणि इकडे आलात, तर माझ्या चौकटीला थोडे तेल लावा. ती कुजून मोडता कामा नये. माझ्याखाली आता पाणी आहे.