शिवलेला खिसा

मी खिसा बोलतोय. निळ्या एप्रनचा उजवा खिसा. मध्ये पाच आठवडे माझं तोंड शिवून टाकलं होतं, तेव्हा आज आवाज जरा चढला तर कानांवर हात ठेवू नका.

"हात सहज गेला पाहिजे," म्हणत शिंपीणबाईंनी माझं तोंड ऐसपैस ठेवलं होतं. मग मी एका मोठ्या धुलाईखान्यात मावशींच्या वाट्याला आलो. मावशी चादरींना इस्त्री करायच्या. वय पन्नाशीचं, हात चपळ, जीभ त्याहून चपळ.

मावशींना मधुमेह. सकाळी इन्सुलिन घेऊन कामावर यायच्या. एकदा न्याहारी टाळून आल्या आणि जिन्यातच कोसळल्या. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं, "औषध घेतलं की पोटात अन्न गेलंच पाहिजे. दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. हात थरथरले, घाम फुटला, की लगेच साखर. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा साखर. आणि सावरलात की पोटाला आधार होईल असं काहीतरी खा, नाहीतर परत घसराल."

तेव्हापासून माझ्यात साखरेच्या चार वड्या आणि भाजलेल्या दाण्यांची पुडी असायची. अकरा वाजले की मावशी मूठभर दाणे तोंडात टाकायच्या. एक चादर कधी मागे पडली नाही.

मग कुणाचं तरी पेन धुलाईच्या यंत्रात गेलं आणि चाळीस चादरी निळ्या झाल्या. मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं : सगळ्यांचे खिसे शिवा, खाणंपिणं वरच्या कपाटात, कुलपात.

"साहेब, यात माझी साखर असते. लागली की लगेच लागते."

"मावशी, इथं काम करायला येता की साखर खायला?"

चार जणी हसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! त्याच दुपारी माझ्या ओठांतून सुई फिरली.

पाच आठवडे मावशींनी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कसंबसं निभावलं. मग एके दिवशी दोन इस्त्र्या बंद पडल्या. साहेबांनी जेवणाची सुट्टी तासभर पुढे ढकलली. मावशींचे हात थरथरायला लागले. घाम फुटला, पण त्या वाफेत घाम कुणाला नव्हता? सवयीनं त्यांचा हात माझ्याकडे आला. बोटं शिवणीवरून फिरली, पुन्हा फिरली. मी आतून रिकामा, बाहेरून बंद!

मावशी एकच चादर घडी करून परत उलगडू लागल्या. साहेबांनी हटकलं, तर जड जिभेनं भलतंच काहीतरी बोलल्या.

"दिवसाढवळ्या पिऊन आलात?" साहेब ओरडले. मावशी भिंतीला टेकून खाली बसल्या.

शेजारी चादरींच्या घड्या घालणारी एक चुळबुळी बाई आहे, तिला सगळ्या भिंगरी म्हणतात. ती धावली. "पिऊन कसल्या येताहेत! साखर उतरलीय त्यांची!"

कपाट वर, किल्ली सापडेना. आणि जिथं खायला-प्यायला बंदी, त्याच दालनात साहेबांच्या टेबलावर चहा वाफाळत होता, तीन चमचे साखरेचा. भिंगरीनं कप उचलला. "मावशी, गिळता येतंय ना? घ्या, एकेक घोट."

पंधरा मिनिटांनी मावशींची नजर ठिकाणावर आली. तोवर किल्ली सापडली, मग डब्यातलं अंडं आणि पाव खाल्ला. आणि साहेब म्हणाले काय, तर "आधी सांगायचं नाही का?"

सांगितलं नव्हतं? माझा टाका न् टाका संतापानं तटतटला!

"तब्येत बरी नसेल तर घरी बसा, मावशी."

"तब्येत ठणठणीत आहे, साहेब. तुम्ही वेळेवर खाऊ द्या."

भिंगरीनं त्यांच्यादेखत कात्रीनं माझं तोंड मोकळं केलं. साहेबांनी मान फिरवली. अकरा वाजता दहा मिनिटं खायला मिळावीत म्हणून एकोणीस जणींनी सह्या करून अर्ज दिलाय. उत्तर अजून नाही.

आता मी विरलोय. सोमवारी नवे एप्रन येताहेत; माझी फरशी पुसायची चिंधी होईल, होऊ दे. पण त्या नव्या एप्रनना खिसेच नाहीत म्हणे! मग मावशींनी साखर ठेवायची कुठे, एवढं तरी कुणी जाऊन साहेबांना विचाराल का?